मेणातली मजुरी

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हाच्या राजाचं नाव आज कुणालाच सांगता येणार नाही, आणि त्यावाचून कुणाचं काही अडलेलंही नाही. त्या राज्याच्या एका डोंगराळ कोपऱ्यात घंटा ओतणाऱ्यांचं गाव होतं. देवळातली घंटा असो, हत्तीच्या गळ्यातली असो की शेळीच्या, ती ह्याच गावातून जायची.

घंटा कशी ओततात ते आधी ऐका, पुढे त्याचं काम पडणार आहे. आधी मेणाची घंटा करायची. तिच्यावर मातीचे थर द्यायचे, वाळवायचे, मग मंद आचेवर भाजायचे. मेण वितळून वाहून जातं आणि मातीच्या पोटात घंटेएवढी पोकळी उरते. हा झाला साचा. त्यात कांशाचा तापलेला रस ओतायचा. पण साच्यात जराशी जरी ओल राहिली असेल, तर रस आत पडताच साचा फुटतो आणि जवळ उभा असलेला माणूस भाजून निघतो. म्हणून त्या गावातलं लहान पोरही साच्याला हात लावून विचारायचं, "वाळला का?"

ह्या गावाला दोन नाद होते. एक मोहाच्या दारूचा आणि दुसरा सत्काराचा. भट्टीपुढे दिवसभर राबलं की घसा कोरडा पडतो, असं दारूचं कारण गावानं शोधून ठेवलं होतं. सत्काराला तर कारणही लागत नसे. कुणी विहीर खणली, द्या थैली. कुणाला जुळं झालं, द्या थैली. गावच्या आबा पाटलांना तर नुसतं म्हातारं झाल्याबद्दल थैली मिळाली होती. थैली म्हणजे नाण्यांनी भरलेली लाल कापडाची पिशवी. ती सगळ्यांसमोर खळखळा वाजवून द्यायची, असा रिवाज होता. सत्कार कुणाचाही असो, भाषण आबा पाटलांचंच.

सिदू हा त्या गावातला सगळ्यात चांगला कारागीर. त्याचा कान असा, की नव्या घंटेवर नखानं टिचकी मारायचा आणि डोळे मिटून सांगायचा, "डाव्या अंगाला केसाएवढी चीर आहे." शोधायला बसलं की चीर तिथंच सापडायची. पण दारूनं त्याला धरलं. आधी संध्याकाळी, मग दुपारी, मग उठल्याबरोबर. मजुरी हातात पडली की ती गुत्त्यावर रिकामी करूनच तो घरी यायचा. आईवडील केव्हाच गेले होते. घरात होती ती धाकटी बहीण, तुळजा. तिचं तोंड फटकळ होतं, आणि मोठ्यांपुढे मान खाली घालणं तिला कधी जमलंच नाही.

एके दिवशी सिदू भट्टीपुढेच कोसळला. तोंडातून रक्त आलं. वैद्यबुवांनी त्याच्या पोटावर हात दाबून पाहिला, पापण्या उलटून पाहिल्या आणि तुळजाला अंगणात बोलावलं.

"ह्या वेळी वाचला," ते म्हणाले. "पुन्हा असा पिऊन पडला तर बोलाव, मी येईन. पण माझा काही उपयोग होईल असं वाटत नाही."

सिदूच्या कानाला भिंतीचा अडथळा नव्हता. तुळजा आत आली तेव्हा तो थरथरत उठून बसला होता.

"तुळजे, माझ्या हाती पैसा देऊ नकोस. नाण्यावर नाणं वाजलं ना, की मला गुत्त्याचं दार उघडल्याचा आवाज येतो. मग हे पाय माझे राहत नाहीत."

तुळजानं ते शब्द घट्ट धरले. सिदूची मजुरी ती स्वतः जाऊन घ्यायची आणि कनवटीला लावायची. सिदू घरात तळमळला, घामानं भिजला, भिंतीवर डोकं आपटलं, तिला नको नको ते बोलला. ती हलली नाही. हळूहळू तो सावरला. जेवण गोड लागायला लागलं. हाताचा कंप कमी झाला. शेळ्यांच्या घंटा ओतता ओतता तो बैलांच्या घंटांपर्यंत आला.

कनवट मात्र सैल झाली नाही. चुन्याची डबी हवी असली तरी सिदूला तुळजाकडे मागावं लागे. तो दुकानापुढे उभा राहिला की वाणी त्याच्या खांद्यावरून मागे बघायचा आणि म्हणायचा, "तुळजाबाई, देऊ का ह्याला?" डोक्यात पांढरे केस दिसायला लागलेला तो माणूस मग भिंतीवरची पाल बघत राहायचा.

तुळजाला हे दिसत नव्हतं असं नाही. तिला वाटायचं, मान पुढे मिळेल, आधी जीव राहू दे. तिचं अगदीच चुकत होतं असंही म्हणता येणार नाही. पण ते 'पुढे' कधी यायचं, हे तिनं ठरवलं नव्हतं. सिदूला विचारलंही नव्हतं.

वर्ष सरत आलं, तसं गावातल्या वडीलधाऱ्यांच्या एकदम लक्षात आलं की सिदूनं दारू सोडली आहे. तो पिऊन ओढ्यात पडलेला असायचा तेव्हा जे वाट बदलायचे, ते आता चावडीवर बसून "आपल्या सिदूनं गावाचं नाव काढलं" असं म्हणायला लागले. एकदा नाव काढलं म्हटल्यावर पुढचं ठरलेलंच होतं.

तुळजाला ही बातमी पाणवठ्यावर कळली. घागर तशीच काठावर ठेवून ती चावडीवर गेली.

"आबा, दादाला थैली देताय म्हणे."

"देणार तर! आजवर कुणाला दिली नाही एवढी मोठी," आबा पाटील मिशीवरून हात फिरवत म्हणाले. "पण त्याला कळू देऊ नकोस हं. आयत्या वेळी कळलं की चेहरा कसा बघण्यासारखा होतो."

"नाणी नका देऊ. धान्य द्या, कांसं द्या. नाहीतर एखादी शेळी द्या."

"शेळी?" एक पंच हसला. "मांडवात शेळी ओरडायला लागली तर आबांचं भाषण कोण ऐकणार?"

"तसंही कोण ऐकतंय!" तुळजा बोलून गेली.

आबांनी मिशीवरचा हात खाली घेतला.

"पोरी, थैली वाजली पाहिजे. वाजत नाही ती कसली थैली? आणि असं बघ, पैसाच जवळ नाही म्हणून जो पीत नाही, त्याचं कौतुक काय करायचं? पैसा हाती असून जो पीत नाही, तो खरा सुटला. होऊ दे की परीक्षा."

"आणि परीक्षेत तो पडला तर? वैद्यबुवा काय म्हणाले ते तुम्हाला ठाऊक आहे. आबा, साचा अजून ओला आहे. तुम्ही ओल्या साच्यात कधी रस ओतलाय का?"

"माणूस म्हणजे काय माती आहे? चांगल्या कामात अभद्र बोलू नये. आमचं वय काय, तुझं वय काय!"

"वयाची थैली मिळालीच आहे ना तुम्हाला," तुळजा म्हणाली आणि निघाली.

तिची जीभ चावडीवर एवढी चालली, पण घरी येऊन ती गप्प बसली. तिनं विचार केला, आत्ताच सांगितलं तर रात्रंदिवस ह्याच्या कानात नाणी वाजत राहतील. त्यापेक्षा मांडवात मीच पुढे होईन आणि थैली घेईन. सिदू समोर बसून मेणाला आकार देत होता. त्याला विचारायला फक्त तोंड उघडायचं होतं. तिनं ते उघडलं नाही.

सत्काराचा दिवस आला. देवळापुढे मांडव पडला. सिदूला आणून मधोमध बसवलं. त्याला शाल मिळाली, नारळ मिळाला आणि आबांचं भाषण मिळालं. सिदूला व्यसनातून कुणी बाहेर काढलं, हे आबांनी पुष्कळ वेळ सांगितलं. त्यात गावाचं नाव आलं, देवाचं आलं, त्यांच्या स्वतःच्या वडिलांचंही आलं. तुळजाचं आलं नाही.

मग आबांनी थैली उचलली आणि रिवाजाप्रमाणे सिदूच्या कानाशी नेऊन खळखळा वाजवली.

सिदूचा चेहरा पांढराफटक पडला. लोकांना वाटलं, गहिवरला. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

तुळजा मांडवात पुढे आली आणि तिनं हात पसरला. "द्या, मी ठेवते."

"सत्कार तुझा आहे का?" आबांनी थैली मागे घेतली. मागून कुणीतरी ओरडलं, "अहो, थैली त्याच्या ह्या आईकडेच द्या की!" दुसरा म्हणाला, "सिदूला दूध तरी स्वतःच्या हातानं पिऊ देते का विचारा!" सगळा मांडव हसला. बायकाही हसल्या. वाणी तर सगळ्यात मोठ्यानं हसला.

सिदू उठला. त्यानं थैली आबांच्या हातातून घेतली.

"माझी आहे. मी ठेवतो," तो म्हणाला. तुळजाकडे त्यानं बघितलं नाही.

तो सरळ गुत्त्यावर गेला नाही, हे सांगायला हवं. आधी तो वाण्याकडे गेला आणि तुळजासाठी गुळाची ढेप घेतली. वाण्यानं पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांत बघून उरलेली नाणी परत दिली. सिदू ताठ मानेनं बाहेर पडला. मग तो साळ्याकडे गेला आणि तिच्यासाठी लुगडं घेतलं. प्रत्येक ठिकाणी थैली उघडली, प्रत्येक ठिकाणी वाजली. लुगडं आणि ढेप काखेत धरून तो घराकडे वळला, आणि पाय गुत्त्याकडे वळले.

तो सापडला तेव्हा ओढ्याच्या पलीकडे खडकावर पडला होता. थैली रिकामी होती. लुगडं रक्तानं भरलं होतं. गुळाला मुंग्या लागल्या होत्या.

वैद्यबुवा आले. ह्या वेळी त्यांनी अंगणात बोलावून काही सांगितलं नाही. फक्त मात्रा उगाळून दिली आणि ओटीवर बसून राहिले. सिदूचा श्वास कधी ऐकू यायचा, कधी यायचा नाही. तुळजा त्याच्या तोंडाशी कान लावून बसायची आणि पुढचा श्वास आला की मगच आपला घ्यायची.

गावाचा निकाल मात्र तयार होता. "एकेकाच्या रक्तातच असतं ते," आबा चावडीवर म्हणाले. "आपण संधी दिली. आणखी काय करणार?" दुसऱ्या दिवशी एक पंच दाराशी आला. सत्काराची शाल गावाची होती, पुढच्या सत्काराला लागणार होती. ती परत हवी होती.

तुळजानं सिदूच्या उशाखालची शाल ओढून काढली आणि पंचाच्या अंगावर फेकली. "घ्या. डाग पडलेत, ते आबांना दाखवा. मग धुवा."

सिदू वाचला. कसा, ते वैद्यबुवांनाही सांगता आलं नाही. डोळे उघडले, पेज पोटात राहायला लागली, भिंतीला धरून चार पावलं टाकता आली. त्या दिवशी तुळजा त्याच्यासमोर बसली आणि म्हणाली, "दादा, आता जन्मात एक नाणं तुझ्या नजरेला पडू देणार नाही."

"पुन्हा तूच ठरवलंस?" सिदू म्हणाला.

तुळजा चमकली.

"तुला थैलीचं आधीच ठाऊक होतं?"

"होतं."

"मला का नाही सांगितलंस? मी त्या मांडवात पाऊल टाकलं नसतं. आबांनी ठरवलं, तू ठरवलंस, गावानं ठरवलं. पिणारा मी, सोडणारा मी, मरणारा मी. मला कुणी विचारलं का, की बाबा, किती झेपेल?"

न विचारता दुसऱ्याचं ठरवायच्या ज्या खोडीसाठी ती चावडीवर भांडून आली होती, तीच खोड तिच्या स्वतःच्या कनवटीला बांधलेली होती. ती म्हणाली, "विचारते आता. किती झेपेल?"

सिदू कोपऱ्यातल्या साच्यांकडे बघत राहिला. त्याच्या आजारपणात ते तसेच पडून होते.

"आबांनी ओल्या साच्यात रस ओतला," तो म्हणाला. "पण तूही साचा सावलीतच ठेवलास, तुळजे. सावलीत ठेवलेला साचा कधी वाळत नाही. त्याला आच लागते. थोडी थोडी, आपल्या देखत."

मग त्यानं मेणाचा गोळा ओढून घेतला आणि तुळजाकडे हात पसरला. "एक नाणं दे. वाजवू नकोस."

तिनं एक नाणं त्याच्या तळहातावर ठेवलं. सिदूनं ते नाणं मेणात दाबलं आणि तो वरून मेण चढवत गेला, कवठाएवढा गोळा होईपर्यंत.

"ही माझी मजुरी," तो म्हणाला. "मेणात पुरलेला पैसा वाजत नाही. आणि तो घाईनं हातीही येत नाही. मला खर्च करायचा असेल तेव्हा मी ह्याच चुलीवर हा गोळा वितळवीन, तुझ्यासमोर. तू काही बोलायचं नाहीस. नाणं निघालं की कुठे चाललो ते मी सांगेन आणि जाईन."

"आणि खोटं सांगितलंस तर?"

"तर संध्याकाळी कळेलच की."

तुळजाला हे मुळीच पटलं नव्हतं. पण विचारलं होतं ना, मग उत्तर घेणं भाग होतं.

तसं सुरू झालं. सिदू गोळा ताटलीत ठेवायचा, चूल मंद करायचा आणि बसून राहायचा. मेणाला वितळायला त्याचा वेळ लागतो. मोठ्या आचेवर घातलं तर पेट घेतं, म्हणून घाई करताच येत नाही. नाणं निघालं की तो ते पुसायचा आणि म्हणायचा, "वाण्याकडे जातो. मीठ आणतो." मीठ यायचं. वाणी आता त्याच्या खांद्यावरून मागे बघेनासा झाला, कारण मागे कुणी नसायचं. एकदा गूळ आला. तुळजानं त्याचा खडा तोंडात टाकला आणि भांडी घासायच्या निमित्तानं पाठ फिरवली.

आणि मग एके दुपारी तो आला, काही न बोलता गोळा ताटलीत ठेवला आणि चुलीत एक लाकूड जास्त सारलं. त्याच्या मानेवर घाम होता. पाय जमिनीवर सारखे हलत होते. तुळजाला कळलं. तिच्या जिभेवर शब्द येऊन बसला. ताटली उचलून अंगणात भिरकावून द्यावी असं तिला वाटलं. तिनं पदराचं टोक दातात धरलं आणि भाकरी थापत राहिली. भाकरी वेडीवाकडी झाली.

मेण कडेनं पाघळलं. मधोमध नाण्याची कड चमकली. सिदू त्या नाण्याकडे टक लावून बघत होता. मेणाचा वास घरभर पसरला होता, त्याच्या कामाचा वास, लहानपणापासूनचा. ताटलीत आणखी थोडं मेण पसरलं. त्याचे पाय हलायचे थांबले.

त्यानं चिमट्यानं ताटली खाली उतरवली.

"आज नको," तो म्हणाला. "आज ह्याच्यावर आणखी एक थर दे, तुळजे. आणि कालच्यापेक्षा जाड दे."

तिनं दिला. ती एकही शब्द बोलली नाही, आणि तिच्या आयुष्यातलं ते सगळ्यात अवघड काम होतं.

त्यानंतर मेण कमी कमी होत गेलं. कवठाचं लिंबू झालं, लिंबाची सुपारी झाली. मध्ये एकदोनदा सुपारीचं पुन्हा लिंबू झालं, तेही सिदूनंच सांगितलं होतं. शेवटी नाण्यावर नुसता मेणाचा हात फिरवलेला असायचा, आवाज बसावा एवढाच. आणि एक दिवस सिदू मजुरी घेऊन घरी आला, ती फडताळावर ठेवली, नाणी वाजली, आणि तो म्हणाला, "भूक लागलीय. काय केलंयस?"

त्या वर्षी राजधानीतल्या देवळाची थोरली घंटा सिदूनं ओतली. आबांनी लगेच सत्काराचा निरोप धाडला. सिदूनं उलट निरोप दिला, "शाल वाळली असेल तर दुसऱ्या कुणाला द्या."

आबांना राग आला. पण तो फार दिवस टिकला नाही, कारण पाटलांच्या वाड्यात एक गोष्ट चालली होती आणि ती झाकता येईनाशी झाली होती. त्यांचा तरणाताठा मुलगा गुत्त्यावर पडलेला असायचा. आबांनी त्याला आधी भाषण दिलं. मग कोंडून ठेवलं. मग 'आता शहाणा झाला' म्हणून त्याच्या हाती किल्ल्या दिल्या. तो कोठारातलं धान्य विकून दारू प्याला आणि रक्त ओकला.

भर सकाळी, सगळं गाव बघत असताना, आबा पाटील तुळजाच्या दारात आले. पागोटं नव्हतं. मिशीकडे हात गेला नाही.

"पोरी," ते म्हणाले, "ते मेण... किती जाड ठेवायचं असतं?"

तुळजाकडे सांगण्यासारखं खूप होतं. लुगडं होतं, शाल होती, मांडवातलं हसणं होतं. पण तिनं मेणाचा एक मोठा गोळा आणून त्यांच्या हातात ठेवला.

"मला काय विचारता, आबा? त्याला विचारा."

"कुणाला? सिदूला?"

"तुमच्या मुलाला."

आबा तिथंच उभे राहिले. मुलासमोर ते आयुष्यभर बोलत आले होते. त्याला काही विचारल्याचं त्यांना आठवेना. गोळा दोन्ही हातांत धरून ते घरी गेले, मुलाच्या अंथरुणाजवळ जमिनीवर बसले आणि त्यांनी विचारलं. मुलगा बराच वेळ रडला. मग त्यानं हातानं दाखवलं, एवढं.

त्या गावात आजही कुणी व्यसन सोडलं की त्याची मजुरी मेणात देतात, आणि मेण किती जाड ते तोच सांगतो. थैल्या अजून वाजतात, पण अशा माणसाच्या दारापुढे वाजत नाहीत.

तात्पर्य: व्यसनातून उठणाऱ्या माणसाच्या हाती पैसा द्यावा, पण तो आपल्या मोठेपणाच्या मापानं नाही आणि आपल्या भीतीच्या मापानंही नाही, त्याला किती झेपेल ते त्यालाच विचारून द्यावा.